विनामूल्य मिळालेल्या फॉन्टमध्ये दुरुस्ती करून तो इतरांना देणे योग्य आहे का?

अक्षरजुळणी, लक्ष्मीपुरी (कोल्हापूर)

नमस्कार. लक्ष्मीपुरीत माझे डीटीपीचे काम चालते. लग्नपत्रिका, तालीम मंडळांच्या उत्सवाच्या पत्रिका, पावती पुस्तके आणि संस्थांचे अहवाल असे त्याचे स्वरूप आहे. शीर्षकांसाठी मी काही वर्षांपासून एक युनिकोड फॉन्ट वापरतो, जो एका हौशी कलावंताने स्वतः रेखून सर्वांसाठी विनामूल्य ठेवला होता. फॉन्ट देखणा आहे. बोरूच्या वळणाचा इतका सुबक फॉन्ट मला दुसरा मिळालेला नाही.

अडचण अशी की त्यातील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत, तर मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा असे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही म्हटले आहे. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे त्यात ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ जुळतच नाहीत. ‘वऱ्हाडी मंडळी’ किंवा ‘कऱ्हाड’ असे टाइप केले की खाली टिंब असलेला ‘र’, त्याला लागलेला पायमोड आणि शेजारी सुटा ‘ह’ असे काहीतरी उमटते. लग्नपत्रिकेत हे चालत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या अक्षरांची आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे चित्रात रूपांतर करून) ती हाताने जोडावी लागत होती. शेवटी मी फॉन्टफोर्ज हा फॉन्ट तयार करण्याचा प्रोग्रॅम शिकलो आणि या सर्व गोष्टी फॉन्टमध्येच दुरुस्त केल्या.

आता आसपासचे व्यावसायिक ती फाइल मागत आहेत. मूळ फॉन्टसोबतच्या टिपणात असे लिहिले आहे की खासगी आणि व्यावसायिक वापर विनामूल्य करता येईल, मूळ फाइल टिपणासह जशीच्या तशी इतरांना देता येईल, मात्र बदललेली आवृत्ती प्रसारित करू नये. मी परवानगीसाठी टिपणातील पत्त्यावर ईमेल केला, तो परत आला. त्यांचे संकेतस्थळही बंद झाले आहे. एका स्नेह्याचे म्हणणे असे की कर्ता हरकत घ्यायला समोर नाही, तेव्हा फाइल द्यावी. दुसऱ्याने नाव बदलून स्वतःचे नाव घालण्यास सुचवले, कारण कोणाच्या लक्षात येणार नाही. मला दोन्ही सल्ले पटत नाहीत, परंतु दुरुस्ती तयार असताना गावभरच्या पत्रिकांत मोडके ‘वऱ्हाडी’ छापले जावे हेही पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शाहूपुरीकर

माझ्या मते तुम्ही फाइल द्यावी. कर्त्याने फॉन्ट विकला नाही आणि तुम्हीही विकणार नाही, त्यामुळे कोणाच्या पोटावर पाय येतो असे म्हणता येत नाही. टिपणातील एका वाक्यासाठी चांगली दुरुस्ती पडून राहिली, तर त्यात मराठीचेच नुकसान आहे. मूळ कर्त्याचे श्रेय मात्र ठळकपणे द्यावे.

रेघ आणि वळण

मी स्वतः फॉन्ट तयार करतो आणि त्यांतील काही विनामूल्य देतो, म्हणून देणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

वरील प्रतिसादात पैशांचा विचार आहे. विनामूल्य देणाऱ्याने पैशांवर आधीच पाणी सोडलेले असते. त्याने स्वतःकडे राखून ठेवलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपल्या नावाने जे फिरते आहे ते आपण केले तसेच आहे ही खात्री. देवनागरी फॉन्ट करायचा म्हणजे जोडाक्षरांसह शेकडो आकार रेखावे लागतात आणि कोणत्या अक्षराशेजारी किती जागा सोडायची हे एकेक तपासावे लागते. एवढे श्रम ज्याने कोणताही मोबदला न घेता दिले, त्याची एकच अट आपल्याला गैरसोयीची आहे म्हणून बाजूला सारणे मला अजिबात मान्य नाही. तो आज उत्तर देत नाही, याचा अर्थ त्याने होकार दिला असा होत नाही.

श्रेय देऊनही प्रश्न सुटत नाही, आणि याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. पाकळीच्या ‘ल’ची रुंदी हिंदी वळणाच्या ‘ल’एवढी असतेच असे नाही. तुमची बदललेली फाइल मूळ नावानेच फिरू लागली आणि तुमच्याकडे मांडलेला मजकूर फ्लेक्स छापणाऱ्याने त्याच्या संगणकावर उघडला, जिथे त्याच नावाची मूळ फाइल आहे, तर ओळी भलत्याच ठिकाणी तुटतील, ‘वऱ्हाडी’ पुन्हा मोडेल आणि दोष नेमका कुठे आहे हे दोघांनाही कळणार नाही. बोल लागेल तो फॉन्ट करणाऱ्याला. या कारणासाठीच संगणकशास्त्रज्ञ प्रा. डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टच्या मूळ फाइलींत स्पष्ट लिहून ठेवले आहे की फाइलचे नाव बदलल्याशिवाय तिच्यात कोणताही बदल करू नये. एसआयएल संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्समध्येही (आवृत्ती १.१, २००७) कर्त्याला आपल्या फॉन्टचे नाव राखून ठेवण्याची सोय आहे. तसे नाव राखलेले असल्यास बदल करा, वाटा, पण दुसऱ्या नावाने आणि त्याच परवान्याखाली, असा तो नियम आहे.

याचे चांगले उदाहरण आपल्याकडेच आहे. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा फॉन्ट घ्या. त्यातील देवनागरी भाग राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर आधारलेला आहे, मूळ फॉन्टचा उल्लेख त्यात उघडपणे केलेला आहे आणि नाव वेगळे आहे. परवानगी होती म्हणूनच हे घडू शकले. तुमच्या फॉन्टला तशी परवानगी नाही, त्यामुळे तुमच्यासाठी नाव बदलणे एवढ्यानेही भागणार नाही.

स्वतःचे नाव घालण्याच्या सल्ल्याबद्दल थोडे कठोर लिहितो. फॉन्टच्या आत कर्त्याचे नाव, स्वामित्वाची ओळ आणि पीडीएफमध्ये फॉन्ट समाविष्ट करता येईल की नाही याची खूण अशा नोंदी असतात. फॉन्टफोर्जमध्ये त्या क्षणात पुसता येतात, आणि म्हणूनच त्या न पुसणे हे सर्वस्वी आपल्या सचोटीवर अवलंबून राहते. ज्यांनी त्या पुसल्या, त्यांच्या हातात मी माझे काम पुन्हा देणार नाही.

जाता जाता एक तांत्रिक शंका. काही फॉन्टमध्ये मराठी ‘ल’ आणि ‘श’ आधीपासून असतात, मात्र मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते दिसत नाहीत. हे आपण पाहिले आहे का?

मंगळवार पेठ वाचक

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. फॉन्टच्या फाइलकडे संगणकाचा प्रोग्रॅम म्हणून पाहिले, तर स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार, ज्याच्याकडे प्रत रीतसर आली आहे त्याला ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून तिच्यात फेरफार करता येतो. प्रश्नकर्त्याने स्वतःच्या टेबलावर केलेली दुरुस्ती यात बसते, असे मी मानतो. ती वाटण्याचा अधिकार मात्र या कलमातून मिळत नाही. शिवाय कलम ५७ प्रमाणे आपली निर्मिती आपलीच आहे हे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्याने सर्व हक्क दुसऱ्याला दिले तरी त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे नाव पुसणे हे निव्वळ शिष्टाचाराचे उल्लंघन नव्हे.

कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे नावाचा उल्लेख न करता दाखवली गेली, तेव्हा आपण सारे संतापलो होतो, आणि तो संताप मुख्यतः उल्लेख टाळल्याचा होता. भौगोलिक मानांकनाचा कायदा वेगळा आहे आणि तिथे एकच कर्ता नाही, हे मला मान्य आहे, पण त्या वेळी आपण जी अपेक्षा धरली तीच या अनोळखी कलावंताने आपल्याकडून धरली तर त्यात वावगे काय?

अक्षरजुळणी, लक्ष्मीपुरी (कोल्हापूर)

सर्वांचे आभार. मराठी भाषा निवडून मी तपासले होते; फॉन्टमध्ये ते आकार मुळातच नाहीत. फाइल वाटायची नाही, हे आता माझ्या मनाशी पक्के झाले आहे. प्रश्न एवढाच उरतो की दुरुस्ती इतरांपर्यंत पोहोचवण्याचा एखादा सरळ मार्ग आहे का. फॉन्ट न देता केवळ बदल देता येतील का?

रेघ आणि वळण

देता येतील, आणि मला तोच मार्ग योग्य वाटतो. फॉन्टफोर्ज पायथन स्क्रिप्टने, म्हणजे पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेल्या सूचनांच्या छोट्या फाइलने, चालवता येते. स्क्रिप्टने वापरणाऱ्याच्या संगणकावरील मूळ फाइल उघडावी, तीत तुमचे आकार आणि जोडाक्षरांचे नियम घालावेत आणि तयार होणाऱ्या फॉन्टला आतूनच वेगळे नाव द्यावे, म्हणजे दोन फाइलींची गल्लत होणार नाही. मूळ फॉन्ट टिपणासह जसाच्या तसा देण्यास परवानगी आहेच. तो आणि स्क्रिप्ट अशा दोन गोष्टी स्वतंत्रपणे द्याव्यात. प्रत्येक जण आपापली प्रत स्वतः दुरुस्त करील आणि बदललेली आवृत्ती कोणाकडूनच प्रसारित होणार नाही.

यात एक काळजी घ्या. ‘ऱ्ह’साठी लागणारी ‘र’ची कोर आणि जुळणीचे नियम सर्वस्वी तुमचे आहेत. ‘ल’ आणि ‘श’ मात्र तुम्ही कर्त्याच्याच रेषा ओढूनताणून केले असतील, तर ते आकार स्क्रिप्टमध्ये जसेच्या तसे घालू नका. बोरूने कागदावर काढून, स्कॅन करून ते नव्याने रेखा. वेळ लागेल, पण मग ते निःशंकपणे तुमचे असतील.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला मूळ कर्त्याचे नाव, कोणते बदल केले आणि कोणत्या तारखेला केले, तसेच या बदलांशी कर्त्याचा संबंध नाही, एवढे लिहा. तुमचा संपर्कही द्या, म्हणजे कर्ता कधी परतला आणि त्याने हरकत घेतली तर स्क्रिप्ट मागे घेता येईल. ज्यांना फॉन्ट नको, केवळ तुम्ही मांडलेली पत्रिका छापायची आहे, त्यांना खुली फाइल न देता फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ द्या, अर्थात फॉन्टमधील ती खूण परवानगी देत असेल तर.