मदत हवी: परदेशी पत्ते लेबलवर कसे लिहायचे? दोन पाकिटं परत आलीत

नमस्कार मंडळी,
आमच्या ग्रुपचा अंक परदेशातल्या ६० सभासदांना पोस्टाने पाठवायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळे पत्ते एक्सेलमध्ये भरले, घर नंबर, रस्ता, शहर, राज्य, कोड, देश असे कॉलम केले आणि त्यावरून सगळ्यांची लेबलं एकाच साच्यात प्रिंट केली. बाकीची पोचली असं धरून चालले होते पण दोन पाकिटं दीड महिन्याने परत आली, कोपरे चुरगळलेले आणि वर पत्ता अपुरा असल्याचा शिक्का. त्यातल्या एका आजींचा पहिलाच लेख छापून आलाय, त्या दर आठवड्याला फोन करून विचारतात अंक निघाला का, काय सांगू त्यांना.

आजींचं पाकीट जर्मनीचं. लेबलवर नाव, खाली '१२ मेन स्ट्रीट' (त्यांनी हाउप्टष्ट्रासे कळवलं होतं, मी सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजी केलं), मग ड्रेस्डेन, मग १०६७, मग जर्मनी. दुसरं अमेरिकेचं, त्यात फ्लॅट नंबर राहून गेला होता तो मी पेनने देशाच्याही खाली लिहिला.

घर नंबर आधी की रस्ता आधी? कोड शहराच्या आधी की नंतर? आणि हाँगकाँगच्या एका सभासदाचा कोड कितीही शोधला तरी सापडत नाहीये, तो कॉलम रिकामा सोडला तर पाकीट अडकेल का?

उत्तर:
ताई, आधी तो १०६७ बघा. जर्मनीत १९९३ पासून कोड पाच आकडीच असतो, ड्रेस्डेनचा ०१०६७ आहे. एक्सेलने त्याला संख्या समजून पुढचं शून्य खाल्लं. कॉलम टेक्स्ट करा, पण गेलेलं शून्य त्याने परत येत नाही, ते हातानेच टाकावं लागेल. आणि रस्त्याच्या नावाचं भाषांतर कधीच करू नका, तिकडच्या पोस्टमनला हाउप्टष्ट्रासे माहीत असतो, मेन स्ट्रीट नावाचा रस्ता त्याच्या भागात नाहीच. तिथे रस्ता आधी नंबर नंतर, आणि कोड शहराच्या आधी, म्हणजे एका ओळीत 'हाउप्टष्ट्रासे १२', खालच्या ओळीत '०१०६७ ड्रेस्डेन'. फ्रान्समध्ये नंबर रस्त्याच्या आधी पण कोड मात्र शहराच्या आधीच, ब्रिटनमध्ये पोस्टकोड शहराच्या खाली स्वतंत्र ओळीत. जपानी लिपीत पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो आणि नाव शेवटी, तोच रोमनमध्ये लिहिला की क्रम उलटा. म्हणून एकच साचा सगळ्यांना बसणार नाही.

देश सगळ्यात शेवटच्या ओळीत, कॅपिटलमध्ये, त्याच्या खाली काही म्हणजे काही नको. देशाचं नाव आधी पाठवणाऱ्या देशातलं पोस्ट वाचतं म्हणून ते तिथे कळेल असंच लिहायचं, बाकीच्या ओळी पोचणाऱ्या देशासाठी. अमेरिकेचा फ्लॅट नंबर रस्त्याच्याच ओळीत शेवटी, मावत नसेल तर त्याच्या वरच्या ओळीत. शहर, राज्याची दोन अक्षरं आणि झिप (तिकडचा पोस्टकोड) हे सगळं एका ओळीत, तिथे स्वल्पविराम नसला तरी चालतो.

हाँगकाँगला पोस्टकोड नाहीच, तुम्हाला कुठून सापडणार! रिकामं सोडा, उगाच शून्यं भरू नका. माझं ऐकाल तर एवढे कॉलम पाडूच नका, सभासदाने जसा पत्ता कळवलाय तसाच ओळ १, ओळ २, ओळ ३ करून ठेवा आणि देश तेवढा वेगळा. स्वतःचा पत्ता त्याला जसा लिहिता येतो तसा आपल्याला येत नाही.

खूप खूप आभार, ते शून्य माझ्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं! आत्ता शीट उघडून बघितली तर अजून तीन कोड चार आकडीच आहेत, तिन्ही अमेरिकेतल्या बॉस्टनकडचे, त्यांचंही पुढचं शून्य गेलंय. त्यांना आजच मेल करून विचारते अंक मिळाला का, आणि आजींचं पाकीट नव्या लेबलने उद्या टाकते.