त्रिपुरारी पौर्णिमेची होडी: केळीच्या खोडाची की थर्माकोलची?

प्रश्न (म्हापसा)
साखळीजवळ विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांच्या होड्या सोडतात. यंदा आमच्या वाड्यावरच्या मुलांना तेथे होडी न्यायची आहे. थर्माकोलची होडी लवकर होते, परंतु नदीत तसली वस्तू सोडणे मनाला पटत नाही. केळीचे खोड दिवे पेलील का? शिवाय त्रिपुरासुराला शंकराने मारले, मग उत्सव विठ्ठलाच्या दारात कसा, असे मुले विचारतात.

उत्तर (साखळी)
केळीचे खोड निःशंकपणे घ्यावे. घड उतरवल्यावर ते तोडायचेच असते आणि आतल्या पोकळ कप्प्यांमुळे ते सहज तरंगते. मात्र एकच तुकडा पाण्यात कुशीवर वळतो, म्हणून दोन तुकडे शेजारी ठेवून त्यांतून बांबूच्या कामट्या आरपार ठोकाव्यात. पणत्यांसाठी खोडातच सुरीने खळगी कोरून त्या मध्यभागी, शक्य तितक्या खाली बसवाव्यात. डोलकाठीवर दिवा टांगला तर वाऱ्याने होडी कलंडते आणि कागदी शीड पेट घेते. केळीचा चीक कपड्यांवरून जात नाही, एवढे मुलांना आधीच बजावावे.

उत्तर (फोंडा)
मुलांचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर कथेतच आहे. तारकासुराच्या तीन पुत्रांसाठी मयासुराने सोन्याचे, रुप्याचे आणि लोखंडाचे अशी तीन पुरे उभारली होती. ती एका रेषेत येतील तेव्हा एकाच बाणाने भेदली तरच नष्ट होणार होती. त्या प्रसंगी पृथ्वी रथ झाली, ब्रह्मदेव सारथी झाला, मेरू धनुष्य, वासुकी दोरी आणि स्वतः विष्णू बाण झाला. धनुष्य ओढणारा शंकर आणि सुटलेला बाण विष्णू, असे असताना विठ्ठलाच्या घाटावर दिवे लागणे अगदी योग्यच आहे. त्यातून कार्तिक हा विष्णूचा महिना: प्रबोधिनी एकादशीला देव जागे होतात आणि तुळशीची लग्ने याच पौर्णिमेपर्यंत लागतात.

उत्तर (डिचोली)
सजावटीकडेही लक्ष असावे. खोड केळीचे आणि वर प्लॅस्टिकचा चकचकीत कागद, असे झाल्यास नदीचे काहीच भले होत नाही. शिडाला पतंगाचा कागद पुरतो. होडीला सुंभाची लांब दोरी बांधून ठेवावी, म्हणजे दिवे विझल्यावर ती काठाला ओढून परत नेता येते.