मदत हवी आहे: हार्ट फेल्युअर, दीड लिटरची मर्यादा आणि नागपूरचा मे महिना

बाबा (वय ७१) नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेत. हार्ट फेल्युअर, इकोत ईएफ (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद) ३० टक्के. फुप्फुसात पाणी झालं होतं, ते उतरलं. टोर्सेमाइड (लघवीची गोळी) सकाळ-रात्र, शिवाय स्पायरोनोलॅक्टोन, मेटोप्रोलॉल वगैरे चालू आहे. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारेनच, मला घरातलं विचारायचंय.

डिस्चार्जच्या कागदावर 'द्रवपदार्थ दिवसाला दीड लिटर, मीठ कमी' एवढंच आहे. इकडे पारा ४५ ला टेकलाय आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "पाणी पाजत राहा, ऊन लागेल" असं बजावून जातो. शेजारच्या काकू जिरं-मीठ घातलेलं ताक नाहीतर पन्हं घेऊनच येतात. त्यांना नाही म्हणणं हे वेगळंच काम होऊन बसलंय. दीड लिटरात वरण, चहा, ताक सगळं धरायचं का? बाबा तहानेनं चिडतात. रात्री लघवीला तीन-चारदा उठतात, तेव्हा पडतील याचीच धास्ती. आईचंही वय झालंय. रात्रीपुरती ब्युरोतून बाई ठेवावी की नर्सच हवी?

प्रतिसाद १
आमच्याकडे सासूबाईंना हेच होतं. साधं मीठ बंद करून सैंधव सुरू केलं, ते चालतं म्हणे. पाण्याचं मात्र मलाही जाणून घ्यायचंय.

प्रतिसाद २
मी कार्डिॲक आयसीयूत सिस्टर आहे, नागपुरातच. आधी मिठाचं. सैंधव चालत नाही हो, तेही सोडियम क्लोराइडच. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं; स्पायरोनोलॅक्टोननं पोटॅशियम अंगात साठतं, म्हणून ती चालू असताना ते धोक्याचं, नारळपाणीही विचारल्याशिवाय नको. पापड, लोणचं, फरसाण बंद. पोटात गॅस झाला की पाण्यात टाकायची फेसाळ पावडरसुद्धा सोडियमच. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका, त्यानं अंगात पाणी साठतं.

पाण्याचं: पातळ ते सगळं मोजायचं. वरण, चहा, ताक, गोळीबरोबरचा घोट, बर्फही. सकाळी दीड लिटर पाणी बाटल्यांत भरून ठेवा. कपभर चहा दिला की बाटलीतलं कपभर पाणी ओतून टाका (कूलरमध्ये ओता, वाया कशाला?). किती उरलं ते बाबांना स्वतःला दिसतं, त्यामुळे भांडण निम्म्यावर येतं. मोठा पेला उचलून ठेवा, छोटी वाटी द्या. चूळ भरणं, लिंबाची फोड चोखणं, ओठांना तूप यानं कोरड कमी वाटते. काकूंना सांगा, ताक आणा पण बिनमिठाचं आणि अर्धी वाटी.

उन्हाचं खरं उत्तर वजनकाट्यात आहे. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर, तसल्याच कपड्यांत. वहीत लिहा. पायावर सूज दिसायच्या आधी वजन वाढतं. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. उलट वजन घसरतंय, उठताना चक्कर येते, लघवी कमी झाली, तर उन्हानं पाणी कमी पडतंय. जुलाब-उलट्या झाल्या तरी तसंच. तेव्हाही फोन. टोर्सेमाइड किंवा दीड लिटरचा आकडा ते बदलतील, तुम्ही नाही. ओआरएसमध्ये मीठ असतं, तेही विचारूनच.

टोर्सेमाइडची रात्रीची गोळी दुपारी चारच्या सुमारास दिली तर चालेल का, हे नक्की विचारा; रात्रीच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात. तोवर पलंगाजवळ युरिन पॉट आणि मंद दिवा ठेवा. बाबांना उठण्याआधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा, या गोळ्यांनी बीपी खाली येतं.

झोपताना किती उशा लागतात तेही लिहा. दोनाच्या तीन झाल्या तर फुप्फुसात पुन्हा पाणी साठत असल्याचा तो निरोप समजा, डॉक्टरांना कळवा. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, गुलाबी फेसाळ थुंकी, भोवळ येऊन पडणं: फोनाफोनी नको, सरळ १०८.

प्रतिसाद ३
इंजेक्शन, सलाइन नसेल तर रात्रीला नर्सवर खर्च करू नका, समज असलेली केअरटेकर बाई पुरे. ब्युरोवाले कोणालाही 'सिस्टर' म्हणून पाठवतात. नर्स म्हणून पैसे मागितले तर एएनएम की जीएनएम (नर्सिंगचे दोन कोर्स, जीएनएम मोठा) ते विचारा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा. बाईला तीन गोष्टी लिहून द्या: स्वतःहून पाणी द्यायचं नाही, आडवं सपाट झोपवायचं नाही, धाप लागली की आधी घरच्यांना उठवायचं.

धागाकर्ता
सिस्टर, बाटल्यांचं आजच सुरू केलं. बाबांनी पहिल्यांदा स्वतःहून चहा अर्धा कप मागितला. डिजिटल काटाही आणलाय. गोळीच्या वेळेचं गुरुवारी ओपीडीत विचारतो. अजून एक: बाबा सकाळी फुटाळा तलावावर फिरायला जायचे, आता जाऊ का म्हणून मागे लागलेत.

प्रतिसाद २
गुरुवारी तेही विचारा. तोवर घरातल्या घरात, बोलता बोलता चालता येईल इतकंच, आणि ऊन चढायच्या आत.