समोर साखळी सलून आलं, मंगळवार-बुधवार खुर्च्या रिकाम्या. काय करू?

तीन_खुर्च्या

माझं ३ खुर्च्यांचं सलून आहे, ११ वर्षं झाली. मी आणि दोन कारागीर. ७ महिन्यांपूर्वी रस्त्यापलीकडे एका साखळी सलूनची शाखा उघडली. बाहेरून सगळी काच, आत १२ खुर्च्या, पहिल्या भेटीला निम्मे पैसे. मीही इरेला पेटून ३० टक्के सूट लावली. गर्दी झाली, खोटं कशाला बोलू. दोन महिने उभं राहून पाय सुजले आणि महिनाअखेर गल्ला मोजला तर हातात आधीपेक्षा कमी. सूट काढली तशी गर्दी पसार. वर एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आमच्याकडून जास्तच घेत होतात का?" मी नुसताच ड्रायर चालू केला.

आता शनिवार-रविवार बरा जातो. मंगळवार-बुधवार आम्ही तिघं आरशातून एकमेकांकडे बघत बसतो. घरचे म्हणतात कर्ज काढून आतलं सगळं नवं कर. एक कारागीर समोर जायच्या बेतात आहे, असं कानावर आलंय. ज्यांनी यातून दुकान बाहेर काढलंय त्यांनी सांगा. "काम चांगलं करा, लोक येतील" एवढं मात्र लिहू नका.

हिशेबवही

सलूनवाला नाही, दुकानांचे हिशेब लिहितो. पाय का सुजले ते सांगतो. १०० च्या कामामागे कारागिराचं कमिशन, रंग, शॅम्पू, टॉवेल धुणं मिळून ४० जातात असं धरा. उरलेल्या ६० मधून भाडं आणि वीज. ३० सूट दिली आणि कमिशन मूळ भावावरच ठेवलं (ठेवावंच लागतं, नाहीतर कारागीर भांडतो), तर उरले ३०. तेच भाडं भरायला दुप्पट डोकी हवीत. १२ खुर्च्यांवाला हे काही महिने सोसू शकतो. तुम्ही नाही.

कर्जाचं म्हणाल तर रिकाम्या मंगळवारी नवी खुर्चीही रिकामीच राहते.

जुनी_कात्री

दादा, २२ वर्षं याच धंद्यात आहे. दोन आकडे काढा. सूट असताना आलेल्या नव्यांपैकी दुसऱ्यांदा किती आले? आणि तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक किती आठवड्यांनी येतं?

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. बारीक कटचा, त्यातून फेडचा (कडेने खाली उतरत बारीक होत जाणारा कट), आकार तीन-चार आठवड्यांत सुटतो. तरी माणूस आठव्या आठवड्याला उगवतो, कारण त्याला कोणी तारीखच दिलेली नसते. ५ आठवड्यांनी येणारा वर्षाला १० वेळा येतो, ८ आठवड्यांनी येणारा ६ वेळा. तेच डोकं, तीच खुर्ची, आणि चार कामं जास्त. मी मान झटकून कापड काढायच्या आधी विचारतो, "पुढच्या महिन्यात याच वारी धरू का?" दहातले निम्मे हो म्हणतात. उरलेल्यांना चौथ्या आठवड्यात एक ओळीचा मेसेज. रोज शुभेच्छा पाठवू नका, लोक ब्लॉक करतात.

आणि वही. माझा एक कारागीर गेला तेव्हा रंगाची जवळजवळ तीन-चतुर्थांश गिऱ्हाइकं त्याच्या मागे गेली. राग कुणावर काढू? सगळे फॉर्म्युले त्याच्या डोक्यात होते, दुकानात चिटोरंही नव्हतं. आता प्रत्येक माणसामागे एक पान: रंगाच्या ६ आणि ७ नंबरच्या छटा अर्ध्या-अर्ध्या, २० व्हॉल्यूम (रंगात मिसळायच्या डेव्हलपरची ताकद), ३५ मिनिटं, डाव्या कानामागे भोवरा, तिथे मशिन नको. साखळीवाल्यांकडे सॉफ्टवेअर आहे, आपल्यापेक्षा झकास. पण भोवरा लिहायला तिथे माणूस सहा महिने टिकत नाही.

कुरळी_ताई

माझी एकच खुर्ची, तीही पहिल्या मजल्यावर. काचही नाही. मी दोनच कामं करते: कुरळे केस आणि दुसरीकडे बिघडून आलेला रंग. कुरळे केस कोरडेच कापते, कारण ओले असताना ते ताणून लांब दिसतात आणि वाळले की बोटभर वर चढतात. एका डोक्याला दीड तास. ठरलेल्या वेळेत गिऱ्हाईक उरकायचं असतं तिथे हे जमत नाही. थोडी आगाऊ रक्कम घेते. ते सुरू केल्यापासून न सांगता गायब होणारे जवळजवळ संपले.

तुमच्या मंगळवारसाठी एक सुचवते. केसांच्या रंगाची पॅच टेस्ट (थोडासा रंग त्वचेवर लावून ॲलर्जी उठते का बघणं) ४८ तास आधी करायला हवी, पाकिटावर लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी एकदा उठली की पापण्या सुजून डोळे बंद होतात. मंगळवारी टेस्ट आणि बोलणं, गुरुवारी रंग. गर्दी शनिवारची गुरुवारी सरकते.

स्ट्रेटनिंग मी बंद केलं. काही औषधांतून गरम इस्त्री लागल्यावर फॉर्मलडीहाइड हा घातक वायू सुटतो, आणि त्या कोंदट खोलीत दिवसभर मीच उभी असते. पैसा गेला, खोकलाही गेला.

जुनी_कात्री

ताईंचं त्यांच्यापुरतं खरं. पण ३ खुर्च्या आणि दोन पगार असताना एकाच कामावर सगळं लावू नका. एक खुर्ची तशी करा, फार तर.

तीन_खुर्च्या

तीन रात्री डायऱ्या घेऊन बसलो. सूट असताना नवे आले ९४. परत आले ९. लिहायलाही लाज वाटतेय.

पण दुसऱ्या आकड्याने झोप उडवली. माझे जुने लोक गेलेच नाहीत! आधी ५ आठवड्यांनी यायचे, आता ७ ते ८. मग लक्षात आलं, मधे एकदा समोर जाऊन येतात. परवा एकाची मान बघितली तर खाली दुसऱ्याच मशिनची रेघ, माझी नाही. तोही आरशात नजर चुकवत होता.

जुनी_कात्री

विचारू नका त्याला. रेघ नीट करा आणि तारीख द्या. लाजवलंत तर कायमचा तिकडे जाईल.

कारागिराचं बघा. नुसता पगार वाढवून तो थांबणार नाही, समोरचे आणखी वाढवतील. त्याच्याकडे परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर कमिशन थोडं जास्त द्या. आणि आठवड्याची सुट्टी पक्की. माझी माणसं पगारापेक्षा सुट्टीवरून जास्त गेलीत.

तीन_खुर्च्या

बोललो त्याच्याशी. जायचं मनात होतं, कबूल केलं. तिकडे दिवसभर एकच काम देतात म्हणे, नुसतं केस धुणं आणि ब्लो-ड्राय, कात्री हातात येत नाही. दोन महिने बघतो म्हणालाय.

कर्जाचा विषय बंद केला, फक्त आरशांवरचे पिवळे दिवे काढून पांढरे लावणार. पिवळ्या उजेडात रंग खोटा दिसतो, हे मला ११ वर्षं कळत होतं. उद्याच्या मंगळवारी ४ पॅच टेस्ट धरल्यात. वही कारागिराच्या हातात दिली तर त्याने पहिल्या पानावर माझंच नाव घातलं आणि खाली लिहिलं: मागे विरळ, सांगायचं नाही.