हिरवट पडलेला एबोनाइटचा पेन चाकावर घासून घेऊ का?

गोदाकाठची

नमस्कार. मी नांदेडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पेनांमधलं मला फारसं कळत नाही, म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते.

माझे वडील इथल्या कोर्टात वकील होते. शिक्षण उस्मानियात झालेलं. १९६९ साली सनद मिळाली तेव्हा त्यांनी हैदराबादला आबिड्सवर डेक्कन या पेनांच्या दुकानातून हा पेन घेतला. काळा, जाडजूड, ड्रॉपरने शाई भरायचा. घरात त्याला 'अण्णांचा काळा पेन' म्हणायचे. आम्हा भावंडांना हात लावायची परवानगी नव्हती. वकीलपत्रं, दरखास्ती, आमच्या प्रगतिपुस्तकावरची सही, सगळं त्याच पेनाने. दांडीवर त्यांचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं आहे.

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. दिवाळीच्या आवराआवरीत पेन कपाटात सापडला. निब वाळलेल्या शाईने गच्च. मी स्टीलच्या डब्यात गरम पाणी घेतलं, पेनाचे सगळे भाग सुटे केले आणि रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी बघते तर काळा रंग गेलेला. शेवाळलेल्या दगडासारखा हिरवट-तपकिरी पेन, आणि बोटांना गंधकाचा वास. टोपणाखाली झाकला जातो तेवढाच भाग अजून काळा आहे. खरंच सांगते, रडू आलं.

पेन लिहितो मात्र छान. कॅमलची निळी शाई भरलीय. पण शाई अर्ध्याच्या खाली गेली की मध्येच निबेतून टपकन थेंब पडतो. परवा एका मुलीच्या वहीवर पडला.

इथल्या एका दुकानदाराने पेन बघितला आणि म्हणाला, "चाकावर धरतो, पाच मिनिटांत नव्यासारखा काळा करून देतो." देऊ का? आणि थेंबाचं काय करू?

---

लेथवरचा

ताई, पहिलं सांगतो: चाकावर देऊ नका. बाकीचं निवांत वाचा, पण दुकानदाराला आजच नाही म्हणून सांगा.

मी भोसरीत एकतीस वर्षं लेथवर होतो, टर्नर म्हणून. हाताने बनवलेले एबोनाइटचे पेन जमवायला लागलो ते त्या कामामुळेच. आज तेवीस आहेत. राजमहेंद्रीचे रत्नम आणि गायडर, हैदराबादचे डेक्कन, चेन्नईकडचे गामा आणि रंगा. कपाटात ठेवायला एकही घेतलेला नाही, सगळे आळीपाळीने लिहिते ठेवतो.

तुमच्या पेनाला झालंय काय, ते आधी समजून घ्या, म्हणजे मनातली टोचणी जाईल. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. सायकलच्या ट्यूबच्या रबरात गंधक अगदी थोडं असतं. एबोनाइटमध्ये ते शंभरात तीस भागांच्या आसपास घालतात आणि तासन् तास तापवतात. मग ते आबनूस लाकडासारखं काळं, कडक होतं, नावही त्याच लाकडावरून पडलं. १८५१ सालचं पेटंट आहे त्याचं. आता हे गंधक उजेडाला भितं. वर्षानुवर्षं ऊन आणि उजेड लागला की वरचा पापुद्रा आतल्या आत खराब होत जातो, पण वरून दिसत नाही. त्याला पाणी लागलं, त्यातून गरम पाणी, की सगळं एकदम वर येतं. तुम्ही एका रात्रीत पेन बिघडवला असं समजू नका. अण्णांनी तो चाळीसेक वर्षं कोर्टात, खिडकीशी, खिशाला वापरला, तो उजेड त्यात साठलेला होता. टोपणाखालचा भाग काळा राहिलाय, हाच त्याचा पुरावा. तिथे उजेड पोचलाच नाही.

हा पापुद्रा फार पातळ असतो. आतलं एबोनाइट ठणठणीत आहे.

आता चाक. बफिंगचं चाक मिनिटाला दोन-तीन हजार फेरे फिरतं. एबोनाइटमधून उष्णता लवकर पुढे जात नाही, ती घासल्या जागीच साठते. पृष्ठभाग मऊ पडतो, कडा गोल होतात, दांडी किंचित वाकू शकते. कोरलेलं नाव तर पहिल्या मिनिटात जाईल. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या मिस्त्रींनी निवृत्त होताना मला त्यांचा पेन दिला होता. टोपणावर बारीक उभ्या रेघा होत्या, लेथवर एकेक ओढलेल्या. मी तो एका दुरुस्तीवाल्याकडे निब सरळ करायला दिला. त्याने माझ्यावर मेहेरबानी म्हणून न विचारता चकाचक करून दिला. रेघा गेल्या. टोपणाचे आटे ढिले झाले ते आजतागायत ढिले आहेत. लेथवर आयुष्य काढलेला माणूस असूनही मला त्या रेघा परत ओढता आल्या नाहीत, कारण जिथे ओढायच्या ते मटेरियलच उरलं नव्हतं.

नाव नीट दिसत नसेल तर एक करा. संध्याकाळी टेबलावरचा दिवा बाजूने, अगदी आडवा पाडा आणि पेन हळूहळू फिरवा. कोरीव रेघेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते, अक्षर न् अक्षर वाचता येतं. पूर्वी त्या रेघांत बहुधा पांढरा रंग भरलेला असणार. शाळेतला पांढरा मेणखडू त्यावरून फिरवा आणि कोरड्या सुती फडक्याने वरचा पुसून टाका. रेघेत बसलेला तेवढा राहतो. नको वाटला तर कधीही काढता येतो.

आता थेंब. ड्रॉपरच्या पेनात नळी, पंप काही नसतं. अख्खी दांडी हीच दौत. शाई भरपूर असते तेव्हा आत हवा थोडी. शाई निम्म्याखाली गेली की हवा जास्त. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते.  एबोनाइटची जाड दांडी ही उष्णता थोडी अडवते. पण नांदेडचा उन्हाळा आणि तासभर मुठीत धरलेला पेन म्हटल्यावर तीही किती अडवणार. उपाय साधा आहे: एक तृतीयांश शाई उरली की भरून टाका. अण्णा बहुधा रोज सकाळी भरत असतील, आठवून बघा.

तरीही पडला तर दोन जागा तपासा. पहिली, दांडीचे आटे. तिथे सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, मोहरीएवढं पुरतं. नळाचं सामान मिळतं तिथे मिळेल. व्हॅसलिन लावू नका, खनिज तेलाचा पदार्थ आहे, रबराशी त्याचं जमत नाही. दुसरी जागा म्हणजे निब आणि तिच्या खालची जीभ. या दोघींमध्ये फट पडली असेल तर शाई धरून राहत नाही. जीभही एबोनाइटचीच असते आणि गरम पाण्यात जराशी मऊ होते. कपात कडकडीत पाणी घ्या, निब आणि जिभेचं टोक तेवढंच पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून फडक्यातून अंगठ्याने जीभ निबेवर दाबून धरा, गार होईपर्यंत. काळा भाग पाण्याला लागू देऊ नका. निब जुनी आहे, जोर बेताने.

इथून पुढे धुताना फक्त निबेचा भाग, साध्या गार पाण्यात. दांडी आतून ड्रॉपरने धुवा, बाहेरून कोरडी ठेवा. स्पिरिट नको. ड्रॉइंगची काळी शाई चुकूनही नको, ती आत वाळून दगड होते. कॅमलची निळी चांगली आहे, तीच ठेवा.

थोडं विषय सोडून: मी एकदा मुद्दाम राजमहेंद्रीला गेलो होतो. तुमचीच गोदावरी, तिथे समुद्राजवळ आल्यामुळे डोळ्यांत मावत नाही एवढी रुंद. स्वदेशी पेन बनवा असं गांधीजींनी सांगितल्यावर रत्नम यांनी पेन करून त्यांना पोचवला, आणि १९३५ च्या जुलैमध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पोच लिहिली, पेन वापरला, चांगला आहे म्हणून. ते वाचलं तेव्हापासून जायचं मनात होतं. एबोनाइटची कांडी लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरली आणि टूल लावलं की काळी, सलग, मऊ साल निघते, आणि जळक्या रबराचा, गंधकाचा तो वास खोलीभर. माझं आयुष्य लोखंड आणि पितळ कापण्यात गेलं. पण टोपणाचे आटे पाडताना तो कारागीर मापाला काहीही न लावता दोनदा टोपण बसवून बघत होता, आणि तिसऱ्यांदा ते असं बसलं की शेवटच्या फेऱ्याला हवा दाबल्याचा हलका आवाज आला. मी तिथे उभा राहून तो आवाज परत परत ऐकवायला लावला. तुमच्या पेनाचं टोपण लावताना शांतपणे ऐका. येतो का?

---

झरणीवाला

काकांशी बहुतेक सहमत, चाकाला माझाही ठाम नकार. पण हिरवट रंग तसाच ठेवायलाच हवा असं मला वाटत नाही. मी ठाण्याला राहतो, जुन्या बाजारातून पडलेले एबोनाइटचे पेन घेऊन हाताने साफ करतो. बारीकात बारीक पॉलिश पेपरने, हळूहळू, मधूनमधून पुसत घासलं की दोन-तीन संध्याकाळींत खालचा काळा वर येतो. उष्णता अजिबात तयार होत नाही. नावाच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून ती जागा सोडता येते. मी चार पेन असे केलेत आणि चारही रोज वापरात आहेत. तो हिरवा पापुद्रा खराब झालेलाच भाग आहे, घामाच्या हाताला वास येत राहतो, शाळेत दिवसभर वापरायचा तर त्रासच.

आणि ताई, वडिलांचा पेन घरी लिहायला ठेवून शाळेसाठी एक नवा घ्यायचा विचार करा. चेन्नईजवळ तिरुवल्लूरला रंगावाले अजूनही हाताने करून देतात. काळा, तपकिरी लहरींचा, हिरव्या लहरींचा, हवा तो. गुळगुळीत पॉलिशऐवजी 'बकुळ' फिनिश मागा. झाडाच्या सालीसारखी खरखरीत पकड असते, घामाने निसटत नाही. काडतूस (शाईची तयार नळी) आणि कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी छोटी नळी) बसणारेही मिळतात, म्हणजे वहीवर थेंब पडायची भीती कमी.

---

लेथवरचा

झरणीवाल्या दादांची पद्धत बरोबर आहे, हात हलका असेल तर. माझी अडचण वेगळी. नावाची जागा सोडून बाकीचा काळा केला तर हिरव्या चौकोनात नाव दिसेल, ठिगळासारखं. आणि दांडीच्या ज्या जागी अण्णांचा अंगठा टेकायचा तिथे एबोनाइट किंचित झिजलेलं असतं, बोट फिरवलं तर कळतं. पॉलिश पेपर ती झीजही सपाट करतो. करायचंच असेल तर आधी टोपणाचा वरचा मणी तेवढा करून बघा, मग ठरवा. वासासाठी काही करायची गरज नाही, कोरडा ठेवला की महिन्याभरात कमी होतो.

---

गोदाकाठची

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. दुकानदाराला नाही सांगितलं.

काल दिवा आडवा लावून बसले. अण्णांचं नाव आणि आडनाव आम्हाला माहीत होतं. पण त्याच्या शेवटी, अगदी क्लिपच्या रेषेत, 'बी.ए., एलएल.बी.' असं आहे, हे आमच्यापैकी कुणीच कधी वाचलेलं नव्हतं. आईला दाखवलं. ती म्हणाली, कोरायचे पैसे अक्षरावर होते, म्हणून तिचे सासरे रागावले होते, एवढं लांबलचक कशाला. मेणखडू फिरवला, सगळी अक्षरं उठून आली.

आणि काका, तुमचं बरोबर होतं. आई म्हणाली, अण्णा रोज देवपूजा झाली की पेन भरायचे, खाली जुना पंचा पसरून. मला हे आठवत होतं, पण थेंबाशी त्याचा संबंध आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. ग्रीस नळाच्या दुकानात मिळालं. तीन दिवस झाले, सकाळी भरते, थेंब पडलेला नाही. जिभेला गरम पाणी दाखवायची वेळ आली नाही.

टोपणाचा मणी घासून बघितला. काळा निघतो खरा. पण तिथेच थांबले. अंगठ्याची झीज सापडली, डाव्या बाजूला. अण्णा उजव्या हाताने लिहायचे, त्यामुळे ती तिथेच असणार.

आवाजाचं विचारलंत. पंखा बंद करून ऐकलं. येतो, अगदी बारीक. पेन आता शाळेत नेत नाही, घरी वह्या तपासायला वापरते. शाळेसाठी दादांनी सांगितलेला बकुळ फिनिशचा मागवायचा विचार आहे. मध्यम निब घेऊ की बारीक? फळ्याची सवय असल्यामुळे माझं अक्षर मोठं आहे.

---

झरणीवाला

मोठ्या अक्षराला मध्यम. वहीचा कागद पातळ असेल आणि शाई मागे उमटत असेल तर बारीक. मागवताना अण्णांच्या पेनाचं वजन आणि जाडी कळवा, त्याच मापाचा करून देतात.