घराचं बजेट कुठल्या महिन्यावर मांडायचं?

ब्रॅम्प्टन (कॅनडा), रविवार 9 फेब्रुवारी 2025, रात्री

मंडळींनो, नमस्कार.

या मेलिंग लिस्टवर मी एरवी फक्त वाचतो. आज गरज पडली म्हणून लिहितोय.

मी इथल्या एका शोरूममध्ये गाड्या विकतो. ठरलेला पगार नाही. दर पंधरवड्याला ड्रॉ मिळतो, म्हणजे पुढच्या कमिशनवरची उचल, आणि महिनाअखेर ती कमिशनमधून वळती होते. जानेवारीत गाड्या गेल्या नाहीत तर उचल अंगावर राहते आणि मार्च-एप्रिलमध्ये कापली जाते. 2023 मध्ये माझे 71,000 डॉलर झाले, 2024 मध्ये 94,000. गेल्या जूनमध्ये एका महिन्याचे 12,400 मिळाले, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत 2,900. बायको डेकेअरमध्ये शिकवते, तिचे वर्षाचे 46,000 ठरलेले. मुलगी तीन वर्षांची आहे.

बेसमेंटमध्ये सहा वर्षं काढली, आता घर घ्यायचं आहे. मॉर्गेज ब्रोकरने, म्हणजे गृहकर्ज जुळवून देणाऱ्याने, माझ्या दोन वर्षांची सरासरी 82,500 धरली, त्यात बायकोचा पगार मिळवला आणि सांगितलं की 6,10,000 पर्यंत जाता येईल. एक कॉन्डो टाउनहाउस आम्हाला आवडलंही आहे. 85,000 डाउन पेमेंट, पाच वर्षांसाठी 4.29 टक्के फिक्स्ड, 25 वर्षांची मुदत, हप्ता 2,933. बँकेने स्ट्रेस टेस्ट, म्हणजे व्याज वाढलं तर झेपेल का ही चाचणी, 6.29 टक्क्यांनी केली आणि घराचा खर्च उत्पन्नाच्या 38.8 टक्के आला. मर्यादा 39 ची आहे, म्हणजे बसतं.

मला मात्र झोप येत नाही. 85,000 सोडून आमच्याकडे 13,000 आहेत, ते क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होतानाच्या खर्चाला, ठेवलेत. अमेरिकेच्या टॅरिफच्या, म्हणजे आयातशुल्काच्या, बातम्या सुरू झाल्यापासून शोरूममध्ये येणारी माणसं नुसती बघून जातात. तुमच्यापैकी कमिशनवर जगणाऱ्यांनी घर घेताना हिशेब कसा केला, ते सांगाल का?

आपला,
ब्रॅम्प्टनकर

ओकव्हिल, सोमवार 10 फेब्रुवारी, सकाळी

दादा, तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

मी रिअल इस्टेट एजंट आहे, म्हणजे माझंही पोट कमिशनवरच. दोनच गोष्टी लिहिते, कारण गिऱ्हाइकाला घर दाखवायला निघायचं आहे.

पहिली, व्हेरिएबल रेट, म्हणजे मध्येच बदलणारा व्याजदर, घेऊ नका. ब्रोकर सांगेल की बँक ऑफ कॅनडाचा दर 5 वरून 3 टक्क्यांवर आलाय, अजून उतरेल. उतरेलही. पण तुमचा आणि माझा धंदा व्याजाच्या दरावरच चालतो. मार्च 2022 पर्यंत दर 0.25 होता, जुलै 2023 मध्ये 5 झाला. त्या सव्वा वर्षात माझा स्वतःचा हप्ता वाढत गेला, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गिऱ्हाईक घरं घ्यायचं थांबलं. दर चढला की हप्ता वाढतो आणि कमिशन आटतं, दोन्ही एकदम. सरकारी नोकरीत असलेल्याला व्हेरिएबल परवडतो, कारण त्याचा पगार दरावर हलत नाही. गाड्या तर बहुतेक कर्जावरच विकल्या जातात, मग तुमचंही तेच होणार.

दुसरी, तुमच्या नावावर पुण्या-ठाण्यात फ्लॅट आहे का? वडिलांनी लावलेला असला तरी सांगा. ऑन्टारिओ प्रांताच्या लँड ट्रान्सफर टॅक्समध्ये, म्हणजे घर नावावर होताना लागणाऱ्या करात, पहिल्या घराला 4,000 पर्यंत परत मिळतात, पण जगात कुठेही घर मालकीचं असेल किंवा कधी होतं, तर ते मिळत नाहीत. माझी तीन मराठी गिऱ्हाइकं वकिलाच्या ऑफिसात बसल्यावर इथे अडकली.

जे माझ्यासारखे स्वतंत्र धंदा करतात त्यांच्यासाठी एक ओळ: कमिशनवर येणारा 13 टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, आपला नव्हे. तो आल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. तो धरून घराचं बजेट केलेली माणसं मी पाहिली आहेत.

ओकव्हिलकर ताई

मिसिसागा, सोमवार 10 फेब्रुवारी, रात्री

बाळा,

तुझी मेल दोनदा वाचली. मी सतरा वर्षं आयुर्विमा विकतोय, सगळं कमिशनवर. तुझ्या ड्रॉचा भाऊ आमच्याकडे चार्जबॅक. गिऱ्हाइकाने पहिल्या दोन वर्षांत पॉलिसी बंद केली की मिळालेलं कमिशन कंपनी परत घेते. आम्ही 2013 ला घर घेतलं, असंच, बँक देईल तेवढं. पुढच्या वर्षी एका महिन्यात तीन पॉलिसी बंद पडल्या आणि 6,800 डॉलर परत गेले. त्या महिन्यात खात्यात हप्त्यापुरतेही पैसे नव्हते. मेहुण्याकडून 3,000 घेतले आणि किराणा क्रेडिट कार्डावर भरला. मेहुण्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

बँकेचं गणित चूक नाही, पण ते वर्षाचं आहे. तुझी सरासरी 82,500 म्हणजे महिना 6,875. असा महिना तुझ्या आयुष्यात किती वेळा आला, ते बघ. हप्ता मात्र दर महिन्याच्या एक तारखेला येतो, जानेवारीतही.

आता मी काय करतो ते सांगतो. आमचं बार्शीकडे शेत होतं. ज्वारी वर्षातून एकदाच घरात यायची, पण भाकरी रोज लागायची. आई कणगीतून मापाने काढायची, सुगीत जास्त नाही आणि पावसाळ्यात कमी नाही. मी 2015 पासून कमिशनचं तेच केलं. एक वेगळं खातं आहे, सगळं कमिशन तिथे पडतं. त्या खात्याला ना कार्ड, ना बिलं जोडलेली. तिथून एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात जाते. तो माझा पगार. जून कितीही चांगला गेला तरी पगार तोच राहतो.

पगार किती, हे ठरवायला गेल्या 24 महिन्यांचं कमिशन कागदावर लिही. त्यातले सगळ्यात वाईट 12 महिने निवड आणि त्यांची सरासरी काढ. तेवढाच. घर या आकड्यावर बसलं पाहिजे. ब्रोकरला सांग, सरासरी नको, 2023 चे 71,000 धरून मला किती मिळतं ते दाखव. (तुझं 2024 उलट 2023 पेक्षा कमी असतं, तर सावकारांनी बहुधा स्वतःहूनच कमी आकडा धरला असता. उत्पन्न वाढतंय म्हणून ते सरासरी देतात.)

दुसरं असं, की कणगी रिकामी ठेवून घरात जाऊ नकोस. तुझे 13,000 क्लोजिंगला जाणार आहेत. वीस टक्क्यांखाली डाउन पेमेंट असलं की कर्जाचा विमा लागतो, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा, आणि किमतीच्या दीड टक्का रक्कम क्लोजिंगसाठी बाजूला असल्याचं दाखवावं लागतं. विम्याचा हप्ता कर्जात मिळवतात, पण त्यावरचा 8 टक्के पीएसटी, म्हणजे प्रांताचा विक्रीकर, रोख द्यावा लागतो. तुझ्या हिशेबात तो 1,300 च्या आसपास आहे. वकील, ट्रान्सफर टॅक्स, ट्रक, पडदे. मग उरतं काय? माझं ऐकशील तर डाउन पेमेंट 10,000 ने कमी कर आणि ते कणगीत टाक. विमा थोडा महाग पडेल, पडू दे. घरात भरलेले पैसे जानेवारीत बाहेर काढता येत नाहीत.

तिसरं, 30 वर्षांची मुदत घे. गेल्या 15 डिसेंबरपासून पहिलं घर घेणाऱ्यांना विमा लागणाऱ्या कर्जावरही ती मिळते, प्रीमियम 0.20 टक्क्याने वाढतो. तुला वाटेल, काका तीस वर्षं व्याज भरायला लावतायत. तसं नाही. इथल्या बहुतेक क्लोज्ड मॉर्गेजमध्ये, म्हणजे मुदतीआधी फेडलं तर दंड लागणाऱ्या कर्जात, वर्षाला मूळ कर्जाच्या 10 ते 20 टक्के जादा भरता येतात, दंड नाही. बांधलेला हप्ता लहान ठेव, आणि कणगीत तीन पगार शिल्लक राहून वर जे उरेल ते जुलैमध्ये मुद्दलात भर. हप्ता चुकवायच्या मुभेवर विसंबता येत नाही, जादा भरायची मुभा मात्र असते. आपल्यासारख्यांनी मॉर्गेज घेताना व्याजदराच्या आधी ही अट विचारावी. मी अकरा वर्षांत सात वेळा भरलं. ज्या वर्षी जमलं नाही त्या वर्षी नाही भरलं, आणि रात्री झोपलो.

एफएचएसए, म्हणजे पहिल्या घरासाठीचं करसवलतीचं बचत खातं, दोघांनी उघडलंय ना? भरलेली रक्कम त्याच वर्षी उत्पन्नातून वजा दाखवायची सक्ती नसते. पडत्या वर्षी भर आणि वजावट चांगल्या वर्षासाठी राखून ठेव, कर जास्त वाचतो. कमिशनवाल्याला ही फार मोठी सोय आहे आणि ती कोणी सांगत नाही.

फोन कर कधीही.

काका

ब्रॅम्प्टन, बुधवार 12 फेब्रुवारी

काका, ताई, मनापासून आभार.

काल रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही दोघं 24 महिन्यांचे पे स्टब, म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या, काढून बसलो. वाईट 12 महिन्यांची सरासरी 4,700 आली, कर जाऊन हातात 3,650 च्या आसपास. बायकोचे 3,050. म्हणजे घराचा पगार 6,700.

आवडलेल्या टाउनहाउसचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, मेंटेनन्स, वीज-गॅस, विमा मिळून 3,903. गाडीचा हप्ता आणि इन्शुरन्स 730, डेकेअर 480. किराणा, फोन, कपडे, दवाखाना 1,400. आई-बाबांना 300. सगळं 6,813. दर महिन्याला 113 कमी, आणि हे कागदावरच्या महिन्याला. खऱ्या जानेवारीत तर ड्रॉचे हातात 2,300 येतात, तेव्हा दीड हजार कमी पडतील.

मग काकांच्या पद्धतीने पुन्हा मांडलं. 5,55,000 चं घर, 75,000 डाउन, 30 वर्षं. हप्ता 2,440. घराचा एकूण खर्च 3,370, बाकी सगळं धरून 6,280. महिन्याला 420 शिल्लक, आणि कणगीत पहिल्या दिवशी 10,000. ब्रोकरने 71,000 धरूनही हे बसतं असं सांगितलं.

ताई, फ्लॅट आहे. लग्नाआधी बाबांनी माझं नाव लावलं होतं, हडपसरला. 4,000 गेले. मी त्यात 2018 नंतर राहिलेलो नाही, त्यामुळे एफएचएसएला आणि 30 वर्षांच्या मुदतीला तो आड येत नाही, असं ब्रोकर म्हणाला. तिथे गेली चार वर्षं आणि चालू वर्ष आपण स्वतःच्या घरात राहत होतो का, ते बघतात.

एक मात्र टोचतंय. 5,55,000 मध्ये इथे खालची खोली मिळत नाही. आई-बाबा सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, येणार आहेत, बाबांचे गुडघे गेलेत. जास्त ताणून मोठं घर घ्यावं असं वाटतं ते याच्यासाठीच. माझ्या हौसेसाठी नाही.

ब्रॅम्प्टनकर

ग्वेल्फ, बुधवार 12 फेब्रुवारी, रात्री

भाऊजी,

मी कमिशन कमावणारी नाही, कमिशनवर घर चालवणारी आहे. माझे मिस्टर फर्निचरच्या दुकानात सेल्सला आहेत. म्हणून ही बाजूही ऐका.

आम्ही 2019 ला ताणून घर घेतलं, सासूबाईंसाठी खाली खोली हवी म्हणूनच. सासूबाई आल्या तेव्हा नोव्हेंबर होता. जानेवारीत हे जेवायला बसले की कोणी बोलायचं नाही. आज दुकानात काय झालं हे मी तोंडावरून ओळखायची आणि मुलं माझ्या तोंडावरून. सासूबाई हुशार. आठवड्याभरात त्यांनी दूध कमी घ्यायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाल्या, मला पचत नाही गं. मार्चमध्ये पुन्हा पचायला लागलं. ते मी कधीच विसरणार नाही. त्यांना खोली दिली, पण त्या खोलीत त्या आमच्यावर ओझं झाल्यासारख्या राहिल्या.

तुमच्या बाबांना जिना नको, हे खरं आहे. पण त्याला मोठं घरच लागतं असं नाही. एका मजल्यावरचा कॉन्डो अपार्टमेंट बघा, लिफ्ट असलेला. किंवा केंब्रिज, ब्रँटफर्डकडे जुने बंगले बघा, तिथे झोपायच्या खोल्या तळमजल्यावरच असतात. शोरूम तिकडेही आहेत. फक्त नोकरी घर मिळाल्यावर बदला, आधी नको. क्लोजिंगच्या तोंडावर सावकार पुन्हा नोकरीची खात्री करतो, आणि नव्या जागी कमिशनचा इतिहास नसला तर कर्ज अडतं.

आणि तो पगाराचा आकडा बायकोबरोबर बसून ठरवलात, तसाच तो पुढेही दोघांनीच ठरवा. आमच्याकडे कणगीच्या खात्यातली शिल्लक मला माहीत नव्हती, म्हणून मी घाबरायची. आता दर एक तारखेला हे मला आकडा दाखवतात. कमी असला तरी चालतो, माहीत असला की.

वहिनी

ब्रॅम्प्टन, शनिवार 15 फेब्रुवारी

वहिनी, तुमची मेल बायकोने वाचून दाखवली. दुधाचं ऐकून दोघंही बराच वेळ गप्प होतो.

टाउनहाउसवर ऑफर घालत नाही, एजंटला कळवलं. कमिशनसाठी वेगळं खातं काल उघडलं, कार्ड घेतलं नाही. ब्रोकरकडून तीन बँकांच्या जादा भरण्याच्या अटी लेखी मागवल्यात. मॅनेजरकडून नोकरीचं पत्र घेतलं, त्यात ड्रॉ आणि कमिशन कसं मिळतं ते स्पष्ट लिहून घेतलंय.

पुढच्या शनिवारी शिवजयंतीच्या कार्यक्रमाआधी ब्रँटफर्डला दोन बंगले बघायला जातोय. काका, पहिल्या घराच्या पायऱ्या फोटोत नीट दिसत नाहीत. बाहेरच्या दाराला चार आहेत असं वाटतं. तिथे रॅम्प बसवायला साधारण काय लागतं, कोणाला माहीत असेल तर कळवा.

ब्रॅम्प्टनकर