मदत हवी आहे : 'सँक्शन्ड' म्हणजे मंजूर की निर्बंधित?

एका करारविषयक इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात 'सँक्शन्ड ट्रेड' आणि 'सँक्शन्ड अ‍ॅक्टिव्हिटी' असे शब्दप्रयोग वारंवार येतात. मंजुरी आणि शिक्षा हे दोन्ही अर्थ शब्दकोशात आहेत, त्यामुळे तिथे प्रश्न सुटत नाही.

मूळ पाहिलं. लॅटिन 'सान्किरे' म्हणजे पवित्र, अभंग ठरवणं. 'सेंट' हा शब्दही त्याच कुळातला. 'सान्किरे'वरून आलेलं 'सँक्शन' हे नाम १६ व्या शतकात इंग्रजीत कायदा, फर्मान या अर्थाने होतं. पुढे कायदा मोडल्यावरची शास्ती आणि कायद्याने दिलेली मान्यता, दोन्ही त्याला चिकटले. क्रियापदाला 'शिक्षा करणे' हा अर्थ मात्र २० व्या शतकातला.

कर्म पाहून बरंच उलगडतं. खर्च, योजना, रजा असेल तर मंजुरी. देश, कंपनी, व्यक्ती असेल तर बहुधा निर्बंध. पुढे 'फॉर' लावून कारण दिलं असेल तर शिक्षाच. अनेकवचनी नामही सहसा निर्बंधच. अडतं ते विशेषणापाशी, कारण 'व्यापार' मंजूरही असू शकतो आणि निर्बंधाखालीही.

मूळ लेखकाशी संपर्क शक्य नाही, करारात व्याख्येचं कलम नाही, तळटीप चालणार नाही. 'अनुमत' आणि 'निर्बंधित' यांतला एकच शब्द सगळीकडे घालणं धोक्याचं, अर्थ थेट उलटेल.

विधी-अनुवाद करणाऱ्यांनी सांगावं : अशा विशेषणाचा अर्थ ठरवताना वाक्याबाहेर, म्हणजे आधीच्या-नंतरच्या कलमांत, नेमकी कोणती खूण शोधता?